ओढकामाच्या जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स बदलण्याआधी उघडून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि वाई, पाचगणी, महाबळेश्वर या भागात मंडप आणि जनरेटर पुरवणाऱ्या आम्हा व्यावसायिकांच्या पिकअप गाड्या रात्रंदिवस रस्त्यावर येतात. यांतल्या पुष्कळ गाड्या दहा-बारा वर्षांच्या पुढच्या आहेत. हौद्यात मंडपाचे पाइप आणि पडदे, मागे हुकाला जनरेटरची ट्रॉली, असे त्यांचे रोजचे ओझे असते. अशा गाडीच्या गिअरबॉक्सने त्रास दिला की गॅरेजमध्ये ‘बॉक्स गेला, दुसरा टाका’ हे एकच वाक्य कानावर पडते आणि मालकही हातातली सुपारी बुडू नये म्हणून मान डोलावतो. बॉक्स न उघडता घेतलेला हा निर्णय किती महागात पडतो, हे मी गेल्या वर्षी स्वतः भोगले. माझ्यासारखे इतर गाडीमालक त्यातून वाचावेत आणि परिवहन खात्याने यात लक्ष घालावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी पिकअप २०११ सालची, डिझेलवर चालणारी आणि पाच गिअरची आहे. ट्रॉलीसह सुमारे दीड टनाचा जनरेटर तिने कित्येक वर्षे विनातक्रार ओढला. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात सुमारे बारा किलोमीटरच्या अंतरात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढते. गेल्या हंगामात याच चढणीवर, एका वळणाच्या तोंडाशी, दुसरा गिअर आपोआप सुटून दांडा न्यूट्रलमध्ये आला. गाडीची ओढ संपली आणि मागच्या ट्रॉलीने तिला मागे खेचायला सुरुवात केली. मी ब्रेकवर उभा राहिलो, हाताचा ब्रेक ओढला आणि सोबतच्या मुलाने उडी मारून चाकांमागे दगड लावले, म्हणून निभावले. पुढचे सात-आठ किलोमीटर तो मुलगा दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरून बसला होता. त्या रात्री मंडपात दिवे लागले. पण चाके मागे सरकू लागली तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला लावली. तेथे बॉक्सचे एक नटही न खोलता तो बाद ठरवण्यात आला. भंगार बाजारातून आणलेला दुसरा बॉक्स, जुना बॉक्स जमा करण्याच्या बोलीवर, मजुरीसह सव्वीस हजारांत संध्याकाळपर्यंत बसवून मिळाला. काम एका दिवसात झाले याचे मला तेव्हा मोठे समाधान वाटले होते. दुसऱ्या महिन्यात मात्र क्लचप्लेट जळाली आणि पाचव्या महिन्यात बॉक्समधून जात्यासारखी घरघर येऊ लागली. पावती मागितली तर ‘जुन्या मालाला गॅरंटी नसते’ हे उत्तर मिळाले आणि माझा मूळ बॉक्स तोवर वितळून गेला होता.

यानंतर मी गाडी साताऱ्याकडच्या एका वयस्क मेस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉक्स उतरवण्याआधी गाडीखाली कंदील धरून मला आत बोलावले आणि बॉक्सखालचे मागचे माउंटिंग, म्हणजे बॉक्सला चेसिसवर टेकवणारा रबरी आधार, दाखवले. त्यातले रबर मधोमध फाटून दोन तुकडे झाले होते आणि पहार लावून उचलल्यावर अख्खा बॉक्स बोटभर वर येत होता. हे रबर फाटले की चढावर भार येताच बॉक्स आपल्या जागेवर डोलतो. पण गिअरचा दांडा बॉडीच्या बाजूने तेथेच असतो, त्यामुळे पुरता न बसलेला गिअर सटकतो. म्हणजे घाटात गिअर सुटण्यामागे काही शे रुपयांचे रबर असण्याचा पुरेपूर संभव होता आणि भंगारातून आणलेला बॉक्स त्याच फाटक्या रबरावर बसवला गेला होता. मूळ बॉक्समध्ये खरोखर काही बिघाड होता की नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही, आणि याचेच मला सर्वांत अधिक दुःख आहे.

गिअर जड जाणे, लागताना करकरणे, सुटणे, आवाज येणे या सगळ्यांना आपण सरसकट ‘बॉक्स गेला’ म्हणतो, पण प्रत्येकाचे कारण निराळे असू शकते. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढल्यावर घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर बॉक्सच्या आतल्या पुढच्या शाफ्टचे किंवा त्याला समांतर असलेल्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग तपासावे लागते. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर घ्यावा, आणि ते बॉक्सच्या बाहेर असते. सगळेच गिअर करकरत लागत असतील, विशेषतः रिव्हर्स टाकताना दात वाजत असतील, तर आधी क्लच पूर्ण सुटतो की नाही ते पाहावे. माझ्या गाडीत क्लचचा खालचा सिलिंडर झिरपत होता. पेडल दाबूनही प्लेट पुरती मोकळी होत नव्हती आणि आम्ही महिनोन्‌महिने दांड्यावर जोर करून आतल्या सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर लागताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा, घासत होतो. एखादाच गिअर करकरत असेल तर मात्र त्याच गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असण्याची शक्यता मोठी. ही तपासणी करायला अर्धा तास लागतो आणि त्यासाठी एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

बॉक्समधले तेल बाहेर काढून पाहणे ही यापुढची पायरी. मेस्त्रींनी माझ्या बॉक्सचे तेल पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबात सोडले आणि तो उन्हात धरला, तेव्हा तेलात सोनेरी भुकटी चमकत होती. ते पितळ होते, रिंगा झिजून आलेले. तळाच्या नटाच्या चुंबकावर थोडा काळा लगदा नेहमीच सापडतो, त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण नखाएवढे पोलादी कपचे निघाले तर दात तुटला आहे किंवा बेअरिंग फुटले आहे असे समजावे. बॉक्स उघडल्यावर तिसऱ्या गिअरची रिंग आतून आरशासारखी गुळगुळीत झालेली दिसली. नव्या रिंगेच्या आत बारीक आटे असतात, ते तेल कापून शंकूवर पकड घेतात. माझ्या रिंगेत बोट फिरवले तरी त्यांचा मागमूस लागत नव्हता. काउंटर शाफ्टच्या बेअरिंगच्या वाटीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि घरघर तेथून येत होती. पाच महिन्यांपूर्वी ‘चांगला’ म्हणून विकत घेतलेल्या बॉक्सची ही अवस्था होती.

तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या व्यवसायात यासारखी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. बहुतेक गॅरेजांत ‘नव्वद नंबर’ नावाने एकच बॅरल असते आणि त्यातलेच तेल गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्येही, म्हणजे मागच्या दोन चाकांना ओढ वाटणाऱ्या पेटीतही, ओततात. डब्यावरचा ८०डब्ल्यू-९० हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. त्यापुढची जीएल-४ किंवा जीएल-५ ही खूण मात्र त्यातल्या रसायनांचे प्रमाण सांगते. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर जबर दाबाने घसरतात, म्हणून तेथे गंधक-स्फुरदाची रसायने अधिक असलेले जीएल-५ लागते. हेच तेल पितळी रिंगांच्या बॉक्समध्ये घातले तर तापल्यावर ती रसायने पितळ खाऊ शकतात, शिवाय तेलाच्या अतिनिसरडेपणामुळे रिंगेला पकड मिळत नाही. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर गिअरबॉक्समध्ये जीएल-४ हेच घालावे, मग त्यासाठी वेगळा डबा आणावा लागला तरी चालेल. तेल गळत नाही म्हणून ते वर्षानुवर्षे न बदलण्याचीही आपल्याकडे रीत आहे. ओढकामाच्या गाडीत तेल अधिक तापते आणि लांब चढावर ते बॉक्सच्या मागच्या भागात सरकते, त्यामुळे पातळी थोडी जरी कमी असली तरी पुढचे बेअरिंग कोरडे पडू लागते. बाजूचा नट खोलून करंगळी आत घातल्यावर तेल भोकाच्या काठाला लागले पाहिजे, इतकी सोपी ही पाहणी आहे.

क्लचप्लेट का जळाली, याचा उलगडा तर आणखी उद्बोधक होता. बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन बॉक्स आतून सारखे असतीलच असे नाही. मेस्त्रींनी उतरवलेला बॉक्स बाकावर ठेवला, पहिला गिअर टाकला आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवत मागच्या फ्लँजचा, म्हणजे ओढ बाहेर देणाऱ्या चकतीचा, एक फेरा पुरा होईपर्यंत खडूच्या खुणेने फेरे मोजले. ते चारच्या आत भरले, साधारण ३.८. माझ्या मॉडेलच्या दुसऱ्या एका पिकअपच्या बॉक्सवर हाच प्रयोग केला तेव्हा साडेचार फेरे झाले. फेरे जितके जास्त तितकी ओढ जास्त, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये माझ्या गाडीची ओढ सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली होती. भंगारातून आलेला बॉक्स बहुधा माणसे वाहणाऱ्या हलक्या गाडीचा असावा. रिकाम्या गाडीला हा फरक जाणवला नसता. दीड टन मागे लावून घाटात गाडी उठवताना मात्र मला दर वेळी अर्ध्या क्लचवर खेळावे लागत होते आणि तेथेच प्लेट जळत गेली. जुना बॉक्स विकत घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वी दुकानातच हे फेरे मोजावेत, शाफ्टच्या खाचा आणि मागच्या फ्लँजची भोके आपल्या गाडीशी ताडून पाहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटी त्या मेस्त्रींनी माझा सदोष बॉक्स आणि भंगारात निघालेल्या एका जुळत्या पिकअपचा बॉक्स असे दोन्ही उघडून त्यातून एक चांगला बॉक्स उभा केला. शाफ्ट आणि गिअर जुळत्या बॉक्सचे घेतले. बेअरिंगे, रिंगा, ऑइल सील आणि माउंटिंग नवे घातले. क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच वेळी बदलले, कारण यांतला एक भाग वाचवला तर तीन महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी द्यावी लागते. या सगळ्याला एकतीस हजार रुपये आणि सहा दिवस लागले. आधीचे सव्वीस हजार धरले तर माझे सत्तावन्न हजार गेले. पहिल्याच दिवशी कोणी गाडीखाली कंदील धरला असता, तर यातले बहुतेक पैसे वाचले असते, असे मला खात्रीने वाटते.

बॉक्स कधीच बदलू नये, असे माझे म्हणणे नाही. केसिंगला तडा गेला असेल, बेअरिंग बसते ते घर सैल होऊन नवे बेअरिंगही त्यात खुळखुळत असेल, किंवा दोन-तीन गिअरचे दात एकदम तुटून शाफ्टही खराब झाला असेल, तर दुरुस्तीत पैसा घालण्यात अर्थ नाही. गाडीची चेसिसच गंजून पातळ झाली असेल तर नव्या बॉक्सचाही विचार करू नये. मात्र हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडून मालकाला दाखवल्याशिवाय बॉक्स बाद ठरवण्याचा अधिकार कोणत्याही गॅरेजला नसावा. आपला जुना बॉक्स जमा करण्याची घाईही कोणी करू नये.

चालवणाऱ्याच्या हातीही पुष्कळ असते. माझ्या गाडीसारख्या, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ओढ असलेल्या पाच गिअरच्या गाड्यांत बहुधा चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ओढ काउंटर शाफ्टवरून न जाता पुढच्या शाफ्टवरून सरळ मागे जाते. ट्रॉली मागे असताना डिझेल वाचवण्यासाठी पाचव्यात गाडी रेटण्यापेक्षा चौथ्यात चालवणे बॉक्सला कितीतरी सुखाचे असते. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. ट्रॉली मागे असताना सगळा भार ब्रेकवर येतो आणि पसरणीसारख्या घाटात ते तापून निकामी होऊ शकतात. बंद पडलेली पिकअप मागची चाके रस्त्यावर ठेवून दूरवर टोचन करून नेण्यातही धोका आहे. इंजिन बंद असल्याने काउंटर शाफ्ट फिरत नाही आणि तेल वर उडत नाही, पण चाकांमुळे मागचा शाफ्ट मात्र कोरडाच फिरत राहतो. अशा वेळी बॉक्समधून मागच्या चाकांकडे ओढ नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे चार नट खोलून तो बाजूला बांधावा, आणि निघालेले नट डॅशबोर्डवर न ठेवता पिशवीत घालून ती सीटला बांधावी.

ट्रॉलीच्या वजनाचा प्रश्न याहून मोठा आहे. माझ्या गाडीची पुस्तिका मी पानन्‌पान चाळली. हौद्यात किती वजन चालेल ते तिच्यात आहे, पण हुकाला किती ओढावे याचा एकही आकडा मला सापडला नाही. हुक वेल्डिंगवाल्याकडे लावून घेतला जातो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आला तर ती सरळ मागे येते. जनरेटर मागच्या टोकाला बसवला तर ती वेगात शेपटी हलवू लागते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जास्त वजन नेल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. आमच्यातील अनेकांना यातले काही ठाऊक नसते. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे याची सरकारी तपासणी, करून घ्यावे लागते. माझ्या गाडीच्या इतक्या वेळच्या पासिंगमध्ये मागच्या हुकाविषयी मला कधी कोणी विचारलेले नाही. तो प्रश्न त्या वेळी विचारला जावा, अशी माझी मागणी आहे.

दुसरी मागणी भंगारातील भागांच्या कागदपत्रांची आहे. गाडीच्या आरसी पुस्तकात इंजिनचा आणि चेसिसचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे कोणता बॉक्स कोणत्या गाडीतून निघाला, तो किती चालला, गाडी चोरीची होती का, हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. केंद्राने २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम केले आणि अशा केंद्राला मोडीत काढलेल्या गाड्यांची नोंद ठेवावी लागते. या केंद्रांतून चांगल्या अवस्थेतले गिअरबॉक्स मॉडेल, साल, पहिल्या गिअरचे फेरे आणि तपासणीची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह विकत मिळू लागले, तर माझ्यासारखा माणूस दोन पैसे जास्त देऊन तेथूनच घेईल. नवा बॉक्स आम्हाला परवडत नाही, म्हणून आम्ही जुना घेतो. पण जुना म्हणजे अंधारात घेतलेला, असे का असावे?

गॅरेजने काम घेताना लेखी अंदाजपत्रक द्यावे आणि काढलेले भाग मालकाच्या ताब्यात द्यावेत, हाही आग्रह आपण धरला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा गाडीमालकही ग्राहक ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मला हे उशिरा कळले आणि तेव्हा माझ्या हातात एकही पावती नव्हती, म्हणून माझी तक्रार होऊ शकली नाही.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. माझा पुतण्या तेथे शिकतो. त्याने बॉक्सचे भाग फळ्यावर ओळखले होते, पण बेअरिंगच्या वाटीवर नख फिरवून खड्डा कसा ओळखायचा, हे त्याने त्या वयस्क मेस्त्रींजवळ बसून सहा दिवसांत शिकले. अशा मेस्त्रींचे वय होत चालले आहे आणि त्यांचा हात पुढच्या मुलांच्या हातात जाण्याची सोय कोणी केलेली नाही. त्यांना मानधन देऊन महिन्यातून दोन दिवस आयटीआयच्या कार्यशाळेत बोलावता येईल.

लग्नसराईच्या आधी वाईत ओढकामाच्या जुन्या गाड्यांसाठी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि आयटीआय यांनी मिळून एक दिवसाचे तपासणी शिबिर घ्यावे, ही आपल्या दैनिकाद्वारे माझी विनंती आहे. माउंटिंगचे रबर, क्लचचा सिलिंडर, बॉक्समधले तेल, मागचा हुक आणि ट्रॉलीचे कागद, एवढेच पाहिले तरी दिवस सार्थकी लागेल. माझ्या बॉक्समधून निघालेली गुळगुळीत रिंग, खड्डे पडलेले बेअरिंग आणि दोन तुकडे झालेले ते रबर मी दुकानातल्या कपाटात जपून ठेवले आहे. शिबिर भरले तर ते घेऊन मी सकाळी पहिल्यांदा हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक मंडप व जनरेटर व्यावसायिक,
वाई, जि. सातारा